दोन तासांनंतरची साखर

रक्त शरीरातून बाहेर काढून नळीत बंद केलं तरी ते लगेच गप्प बसत नाही. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि जिवंत आहेत तोवर साखर खात राहतात. तासाभरात पाच-सात टक्के साखर अशीच संपते. म्हणून साखरेसाठी आम्ही राखाडी झाकणाची नळी वापरतो. तिच्या तळाशी फ्लोराइडची पूड असते, ती पेशींचं हे खाणं हळूहळू थांबवते. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षात हे शिकले तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. पुढची एकवीस वर्षं साताऱ्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये रोज सकाळी त्या राखाडी नळ्या भरत आले, आणि त्यांतल्या आकड्यावर नको तेवढा विश्वास ठेवत आले.

पीसीओडीच्या मुली बहुतेक सकाळी सातच्या आत येतात. पीसीओडी म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, "पुष्कळ गाठींचे बीजकोश" असं नाव पडलेला विकार. उपाशी यायचं असतं आणि कॉलेज बुडवायचं नसतं. बरोबर आई असते. कोरेगाव, मेढा, वाठार, कुठून कुठून पहिल्या एसटीने आलेल्या असतात. आत आल्या आल्या आईचा प्रश्न ठरलेला: "सिस्टर, निघताना कपभर चहा घेतलाय हिनं, चालतंय ना?" चालत नाही. मग परत पाठवायचं जिवावर येतं, कारण पुढच्या वेळी त्या येतील याची खात्री नसते. थंडीत मुलींच्या शिरा आत जाऊन बसतात, तेव्हा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायला सांगते. तेवढ्या पाच मिनिटांत आई सगळं बोलून टाकते. पाळी चार महिने आलेली नाही. हनुवटीवर केस येतात. वजन उतरत नाही. सोनोग्राफीत "गाठी" दिसल्यात. आणि शेवटी, आवाज खाली आणून: "मूल व्हायला काही अडचण नाही ना येणार?"

दुपारी रिपोर्ट न्यायला आल्या की मी म्हणायचे, "शुगर नॉर्मल आहे, काळजी करू नका." निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण रिपोर्ट पहिल्यांदा हातात देणारी मी असते आणि त्या बायका माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात. उपाशीपोटीची साखर ८५, ९०, ९२. कागदावर कुठेही ठळक अक्षर नाही. त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि मला बरं वाटायचं. हे वाक्य मी किती मुलींना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. हा लेख त्या वाक्यासाठी लिहिते आहे.

मलाही पीसीओडी आहे. बाविसाव्या वर्षी कळलं. तेव्हा माझं वजन बावन्न किलो होतं, त्यामुळे "तू तर एवढी बारीक, तुला कसलं पीसीओडी" हे घरी आणि बाहेर दोन्हीकडे ऐकलं. लग्न झालं की पाळी लायनीवर येईल असं सांगण्यात आलं. लग्नानंतर, एक मूल झालं की सगळं ठीक होईल असं. मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली, भात बंद झाला, बाळंतपण नीट झालं. साखर उतरली म्हणून घरी पेढेसुद्धा वाटले. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी साखर पुन्हा तपासायची असते. ते कोणी सांगितलं नाही. मी रोज दुसऱ्यांची साखर तपासत होते, तरी मला स्वतःला ते सुचलं नाही, हे आजही मनाला लागतं.

छत्तीसाव्या वर्षी, दिवाळीच्या सुटीत लॅब रिकामी होती, तेव्हा मी स्वतःचं रक्त काढून घेतलं. उपाशीपोटीची साखर ८९. नेहमीसारखीच उत्तम. कशी कोण जाणे बुद्धी झाली आणि मी पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायले. बरोबर दोन तासांनी पुन्हा हात पुढे केला. मशीनवर १७१ आलं. मी तीच नळी पुन्हा लावली. १६९. दोन तासांनी हा आकडा १४० च्या आत हवा. २०० च्या वर गेला तर मधुमेह. मी त्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात उभी होते, आणि किती वर्षं उभी होते ते कळायला मार्ग नव्हता, कारण तोवर मी फक्त पहिलीच नळी भरत आले होते.

मग सकाळच्या शिल्लक सीरममधून इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक, तपासायला दिलं. उपाशीपोटी २१. साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं, असं एक सोपं गणित ऑक्सफर्डच्या काही डॉक्टरांनी १९८५ साली मांडलं. त्याला होमा म्हणतात. ४०५ का? तर निरोगी तरुण माणसाची उपाशीपोटीची साखर ८१ आणि इन्सुलिन ५ धरलं, त्यांचा गुणाकार ४०५. म्हणजे निरोगी माणसाचं उत्तर एक. माझं आलं ४.६. जे काम शरीराने एका हाताने करायचं, त्याला माझं शरीर साडेचार हात लावत होतं. साखर नॉर्मल होती ती त्या जादा हातांच्या जोरावर.

खंबाटकीचा घाट रोज चढणारे ट्रक आम्ही लहानपणापासून बघतो. जादा माल भरलेला ट्रकही वर पोचतोच. वरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्याला तो वेळेवर आलेला दिसतो. इंजिन कसं घरघरत होतं, पहिल्या गिअरमध्ये किती तापलं होतं, ते घाटाच्या मध्यावर उभा असलेल्यालाच ऐकू येतं. उपाशीपोटीची साखर म्हणजे ट्रक वर पोचला, एवढीच बातमी.

या विकाराचं सगळं दुर्दैव त्याच्या नावापासून सुरू होतं, असं मला आता वाटतं. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांबद्दल लिहिलं. पाळी बंद, अंगावर केस, आणि पोट उघडल्यावर दिसलेली मोठी, फुगीर बीजकोशं. त्यांनी बीजकोशाचा पाचरीसारखा तुकडा काढला आणि पाळी सुरू झाली. जे डोळ्यांना दिसलं त्यावरून विकाराला नाव पडलं, आणि नाव पडलं की माणसं तिथेच बघत राहतात. त्याआधी चौदा वर्षं, १९२१ मध्ये, अशार आणि तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी दाढी आलेल्या बायकांमधल्या मधुमेहाबद्दल लिहून ठेवलं होतं. केस आणि साखर यांचं नातं त्यांच्या नजरेला पडलं होतं. पण रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच तेव्हा नव्हती. ती झाली रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्यामुळे, १९६० च्या सुमारास, न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात. त्यांनी मोजून दाखवलं की मोठेपणी मधुमेह होणाऱ्या पुष्कळ माणसांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसतं, उलट भरपूर असतं. शरीर त्याचं ऐकत नसतं. यॅलोंना १९७७ साली नोबेल मिळालं, बर्सन त्याआधीच वारले होते. आणि १९८० मध्ये पीसीओएसच्या (पीसीओडीलाच असंही म्हणतात) स्त्रियांमध्ये पुरुषी संप्रेरकं आणि इन्सुलिन सोबत वाढलेली दिसली. म्हणजे नाव पडल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी हे नाव दिशाभूल करतं, ते बदला, अशी शिफारस केली.

मराठीत तर आणखी पंचाईत. "गाठी" म्हटलं की आईच्या डोळ्यासमोर कॅन्सर उभा राहतो. त्या गाठी नसतात. बीजं वाढता वाढता मध्येच थांबलेली असतात, त्यांच्या त्या दोन ते नऊ मिलिमीटरच्या पिशव्या. ती का थांबली, याचं उत्तर बरंचसं रक्तात असतं. स्नायू आणि चरबी इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. पण बीजकोश बहिरे झालेले नसतात. त्यांना ते जादा इन्सुलिन चांगलं ऐकू येतं आणि ते पुरुषी संप्रेरक जास्त बनवू लागतात. त्याच वेळी यकृतात एक प्रथिन कमी बनू लागतं, एसएचबीजी नावाचं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला धरून ठेवणं हे त्याचं काम. धरणारेच कमी झाले की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणून कितीदा तरी मुलीचं एकूण टेस्टोस्टेरॉन रेंजमध्ये असतं आणि हनुवटीवरचे केस मात्र थांबत नाहीत. एसएचबीजी आमच्याकडे होत नाही, मुंबईला पाठवावं लागतं, खर्चाचं आहे, म्हणून क्वचितच कोणी लिहितं. पार्लरमध्ये दर पंधरा दिवसांनी जाणाऱ्या मुलीला "तुझं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आहे" हे ऐकून काय वाटत असेल, ते मी स्वतः अनुभवलं आहे. आपण खोटं बोलतोय असं वाटतं.

बारीक असण्याचं कोडं मात्र मला पुण्यामुळे सुटलं. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. शेजारी शेजारी उभे दोघे मित्र, एक याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखे आणि आतून इतके वेगळे. आपल्याकडची बाळं जन्मतःच वजनाने कमी आणि तरी चरबीने जास्त असतात, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलं वर्षानुवर्षं तपासून दाखवलं. तो फोटो मी लॅबच्या कॉम्प्युटरवर पाहिला आणि बराच वेळ बघत बसले. माझे बावन्न किलो कशाचे होते, हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणूनच आपल्या बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरवर गेला की जागं व्हायचं असतं, आणि बीएमआय २५ ची नव्हे, तर २३ ची रेषा धरायची असते.

चरबीचे रिपोर्ट वाचायला मला तपासणीच्या आधीच येतं. रक्त मशीनमध्ये फिरवलं की वर पिवळसर पारदर्शक सीरम येतं, पातळ केशरी चहासारखं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, तीनशे-चारशेच्या पुढे गेली की तेच सीरम गढूळ, पातळ ताकासारखं दिसतं. दोन वर्षांपूर्वी एका तेवीस वर्षांच्या मुलीची नळी मशीनमधून काढली आणि मला वाटलं, अदलाबदल झाली. आधी एका साठीच्या गृहस्थांचं रक्त काढलं होतं. नाव तपासलं, तीच होती. फॉर्मवर फक्त पाळीच्या तक्रारी आणि हार्मोन लिहिलेले. चरबीची तपासणी लिहिलेलीच नव्हती. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, करा. ट्रायग्लिसराइड ४३०, आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल ३१. तिची एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आम्हाला नेहमीच्या सूत्राने काढताच आली नाही, कारण ४०० च्या वर ते सूत्र चालत नाही, थेट मोजावी लागते. त्या दिवशी ती नळी मी नुसती डोळ्यांनी पाहिली नसती, तर ती मुलगी हार्मोनचा कागद घेऊन घरी गेली असती. पीसीओएसमध्ये हाच नमुना बहुधा दिसतो: एकूण कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नाही, म्हणून सगळे निर्धास्त, आणि खाली ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. यकृताचं एएलटी नावाचं विकरही बरेचदा थोडं वर असतं. यकृतात चरबी साचायला लागल्याची ती खूण असू शकते.

आणि "तीन महिन्यांची साखर", एचबीएवनसी. उपाशी यावं लागत नाही, दोन तास बसावं लागत नाही, म्हणून हल्ली सगळ्यांना तीच आवडते. पण ती मोजली जाते हिमोग्लोबिनवर, आणि आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन! पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोह कमी असलं की तांबड्या पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि एचबीएवनसी उगाचच वर दिसू शकतं. पीसीओडीत चार-चार महिने पाळी नाही आणि मग आली की पंधरा दिवस थांबत नाही, अशाही मुली असतात. अशा एकीचं हिमोग्लोबिन ८.२ आणि एचबीएवनसी ६.१ आलं. घरात रडारड, लग्नाची बोलणी चालली होती. लोहाच्या गोळ्यांनंतर काही महिन्यांनी ५.५ आलं. आकडा खोटा नव्हता, पण तो साखरेबद्दल बोलत नव्हता.

इन्सुलिनचंही तसंच. माझं ४.६ मी इथे लिहिलं, पण सगळ्यांनी धावत जाऊन इन्सुलिन तपासावं असं मला म्हणायचं नाही. एका मशीनचा आकडा दुसरीशी जुळत नाही. रक्त काढताना पेशी फुटल्या तर त्यांतून बाहेर पडणारं द्रव्य नळीतलं इन्सुलिन खाऊन टाकतं आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये रोजच्या कामासाठी इन्सुलिन मोजण्याची शिफारस नाही. त्यात शिफारस आहे ती पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीची, वजन कितीही असो, निदानाच्या वेळी, आणि नंतर धोका बघून एक ते तीन वर्षांनी पुन्हा. म्हणजे दुसऱ्या नळीची. तिला महागडं यंत्र लागत नाही. लागतात दोन तास आणि बसायला एक बाक.

आता डॉक्टरांनी लिहिलेलं असो वा नसो, मी "डॉक्टरांना एकदा विचारून घ्या" एवढं नक्की म्हणते. आमच्या डॉक्टरांनीही हळूहळू ते मनावर घेतलं. घरून नाश्ता करून दोन तासांनी येण्याची जुनी पद्धत मला पटेनाशी झाली आहे. कोणी पोहे खाऊन येतं, कोणी रिपोर्ट चांगला यावा म्हणून अर्धी इडली. एकजण साबुदाण्याची खिचडी खाऊन आली होती, उपवास होता म्हणून, आणि तिच्या आईला वाटत होतं उपवास म्हणजे साखरेला आराम.

परवाची मुलगी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी पावणेसातला मायलेकी आल्या. मुलीने गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली, काढायला तयार नाही. आई म्हणाली, "मान बघा हिची, सिस्टर. किती घासली. डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं. अंघोळच नीट करत नाही." मुलगी खिडकीकडे बघत राहिली. मी म्हटलं, "वहिनी, हा मळ नाही. कितीही घासलं तरी जायचा नाही. रक्तात इन्सुलिन फार झालं की मानेवरची, काखेतली कातडी अशी जाड आणि काळी होते. तिला बोलू नका." आईचा हात तसाच थांबला. मग हळूच म्हणाली, "माझीपण आहे." पदर सरकवून दाखवली. आईला, बहिणीला पीसीओडी नसलं तरी साखरेचा धोका घरात फिरत असतो, हे मी सांगितलं आणि तुमचीही करून घ्या म्हटलं. "मला काय धाड भरलीय," म्हणाली, "आधी हिचं होऊ द्या."

पहिली नळी भरली. ग्लुकोजच्या पाण्यात अर्धं लिंबू पिळून दिलं, पाच मिनिटांत संपवायला सांगितलं. घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती, वेळ नळीच्या चिठ्ठीवर लिहिली. दोन तास इथेच बसायचं, चालायचं नाही, कारण चालणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढून घेतात आणि चाचणी फसते. मुलीने विचारलं, "मग एरवी चाललेलं चांगलं ना?" इतका शहाणा प्रश्न मला एकवीस वर्षांत क्वचित कोणी विचारला असेल. म्हटलं, आपल्याकडे जेवल्यावर शतपावली घालायला सांगतात ना, ती पुरुषांनी अंगणात घालायची आणि बायकांनी तोवर भांडी आवरायची, असं चालत आलंय. तू जेवलीस की पंधरा मिनिटं चाल. भांडी थांबतात. आईकडे बघून ती पहिल्यांदा हसली.

मध्ये गर्दी झाली, बारा-पंधरा रक्तं काढली. बाकाकडे बघायला झालं नाही. बघितलं तेव्हा नऊला पाच कमी होते. मुलगी आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. ओढणी सैल होऊन खाली आली होती आणि आईने आपला तळहात तिच्या मानेवर ठेवला होता, काळ्या भागावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. मी राखाडी झाकणाची दुसरी नळी घेतली, नाव लिहिलं, सुई उघडून ठेवली. आईने खुणेनेच विचारलं, अजून झोपू दे का. मीही खुणेनेच दहा बोटं दाखवली.

नऊ वाजून चार मिनिटांनी मी म्हटलं, "उठवा तिला."